पेन्सिलीची दुरुस्ती

बुधवारी सकाळी पोहे खाताना लीलाच्या तोंडात चमचा गेला, तो थांबलाच नाही. ओठांशी थांबायचा चमचा थेट टाळूला लागला, आणि लागल्यावरही ढकलतच राहिला. लीलाचं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं. मागे सरकायला जागा नव्हती, आणि मांडीवर पडलेले तिचे हात उठत नव्हते. मी दोन हात अंतरावर उभा होतो. मला अजून लाज वाटते, पण दोन क्षण मी नुसता बघत राहिलो. तिचा पाय टेबलाखाली बटण शोधत होता, ते मला दिसत होतं. मग मी भिंतीतला मशीनचा प्लग उपटला. चमचा सैल पडला आणि त्याच्या मागून रक्त आलं, ते वाटीतल्या पोह्यांवर पडलं.

दवाखान्यात टाळूला तीन टाके घातले. वरचा पुढचा दात हलत होता, तो काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस बोलायचं नाही, गार आणि पातळ तेवढंच द्यायचं. त्यांनी विचारलं की हे झालं कसं. मी म्हणालो, मशीननं केलं.

मी अच्युत मुळ्ये. आजोबा होळकरांच्या दफ्तरात, वडील शाळेत मास्तर, आणि मी रेडिओवाला. घराणं असं पायरी पायरीनं उतरत आलं, असं माझे काका म्हणायचे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात माझं दुकान होतं. पन्नास वर्षं रेडिओ, टेप, अँप्लिफायर दुरुस्त केले. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे देखावे, निघायच्या, त्यांतल्या निम्म्या भोंग्यांचा आवाज माझ्या हाताखालून गेलेला असायचा. तीन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं, कारण दुरुस्त करण्यासारखं कोणी काही आणेनासं झालं. माणसाचा हात रिकामा राहिला की त्याला नाही ते सुचतं.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर माझ्या बायकोला, लीलाला, ताप आला आणि तापामागून नसांचा आजार. पाय परत आले, बोलणं तर गेलंच नव्हतं, हात मात्र आले नाहीत. आठ महिने मी तिला भरवलं. मी चांगलं भरवतो असं मला वाटायचं. बातम्या लावायच्या, वाटी घ्यायची, घास पुढे करायचा. ती जेवण टाकायला लागली तेव्हा मी औषधांना शिव्या दिल्या. एक दिवस सून बाजूला बसून बघत होती. ती म्हणाली, बाबा, आईंचा पहिला घास गिळून झालेला नसतो. मी तिला चार शब्द सुनावले. आठ महिने घास घास भरवणाऱ्याला कालची पोर शिकवते, असं काहीतरी बोललो.

सुनेचं नाव मधुवंती. सांगलीची. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. आमचा स्वानंद तिला पुण्यात भेटला आणि इंदूरला घेऊन आला. ती वाद घालत नाही, काम करते, आणि म्हणून तिच्याशी भांडायला मजा येत नाही. दोन महिने तिनं रविवार मोडले आणि जेवणाच्या टेबलाला एक प्लास्टिकचा हात बसवला. त्याला तीन मोटरी, टोकाला मऊ चमचा, आणि खाली पायानं दाबायचं मोठं बटण. लीलानं बटण दाबलं की हात वाटीतून घास उचलतो, तिच्या ओठांशी आणून थांबतो आणि तिनं घेईपर्यंत थांबूनच राहतो. घास नको असेल तर ती दाबत नाही.

पहिल्या दिवशी एक वाटी खिचडी खायला तिला चाळीस मिनिटं लागली. मध्ये ती खिडकीतून बाहेर बघत होती, शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल बोलत होती, मग पुन्हा बटण दाबत होती. वाटी चाटूनपुसून संपली. मधुवंती आत जाऊन रडली. मलाही आनंद झाला, नाही असं नाही. पण त्या दिवशी दुपारी कोणाला माझी गरज पडली नाही, हेही माझ्या लक्षात आलं होतं.

मग मी त्या हाताच्या मागे लागलो. हे काय, ते काय. मधुवंतीनं एक जळालेली मोटर उघडून दाखवली. सर्वो मोटर म्हणतात तिला. आत बारके दाते, एक छोटी मोटर, आणि तिच्या शेजारी चक्क पॉट. पॉट म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं बटण असतं ना, त्याच्या मागची डबी. आत कार्बनची गोल पट्टी असते, तिच्यावरून धातूची जीभ सरकते, आणि जीभ जिथं असेल त्याप्रमाणे रेझिस्टन्स, म्हणजे विजेची अडवणूक, बदलतो. माझं आयुष्य त्या डब्या उघडण्यात गेलं. मी हसलो. म्हणालो, एवढा गाजावाजा, आणि आत बसलाय माझाच व्हॉल्यूम कंट्रोल.

तिनं मला नीट समजावलं. रेडिओतला पॉट तुम्ही फिरवता, तो स्वतः काहीच करत नाही. सर्वोत उलटं आहे. मोटर हात फिरवते, हाताबरोबर पॉट फिरतो, आणि हात कुठं पोचला ते पॉट सांगतो. पोचायचं कुठं आणि पोचलो कुठं, यांचा मेळ बसेपर्यंत मोटर फिरते. बसला की थांबते.

"मतलब, जोर मोटरचा आणि अक्कल पॉटची," मी म्हणालो.

ती हसून म्हणाली की अगदी बरोबर. मी ते सर्टिफिकेट धरून चाललो. वाटलं, या मशीनमधलं जे शहाणं आहे ते माझ्या खात्यातलं आहे.

चार महिन्यांनी हात थरथरायला लागला. सगळीकडे नाही, फक्त ओठांजवळ आला की. चमच्यातलं अर्धं लीलाच्या पदरावर सांडायचं. मला एका नजरेत रोग कळला. रोज तिथंच येऊन थांबणार, म्हणजे पट्टी तिथंच झिजणार. रेडिओत हीच झीज खरखर होऊन ऐकू येते. मधुवंतीलाही कळलं होतं. तिनं पुण्याहून नवी मोटर मागवली, ती शुक्रवारी येणार होती. तोपर्यंत हात कोणी चालू करायचा नाही, असं तिनं तीनदा सांगितलं.

म्हणजे चार दिवस पुन्हा मी. सोमवारी मी वाटी घेऊन बसलो. बातम्याही लावल्या नाहीत. चौथ्या घासाला लीलानं मान फिरवली आणि बस म्हणाली. अर्धी वाटी तशीच. मशीन असतं तर हिनं वाटी संपवली असती, हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि वाटीलाही माहीत असावं. मला ते फार लागलं.

मंगळवारी दुपारी स्वानंद ऑफिसात, मधुवंती कॉलेजात, लीला समोरच्या पलंगावर डोळे मिटून. मी हात टेबलावरून सोडवला आणि ओठांकडची मोटर उघडली. दाते वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, पॉटचं झाकण सुईनं उचललं. पट्टी मला वाटलं होतं तिथंच झिजलेली होती. मी अगदी बरोबर ओळखलं होतं.

आता आमच्या धंद्यातला एक उपाय सांगतो. झांकीच्या आदल्या दिवशी गिरणीचा माणूस अँप्लिफायर घेऊन दारात उभा असायचा, आणि बाजारात त्या मापाचा पॉट नसायचा. अशा वेळी पट्टी स्पिरिटनं पुसायची आणि झिजलेल्या जागी मऊ पेन्सिल घासायची. पेन्सिलीचं शिसं म्हणजे कार्बनच. खरखर जाते. मी असे शेकड्यानं पॉट चालते केलेत आणि एकही तक्रार परत आलेली नाही. घरात सिक्स बी पेन्सिल होती. मी ती हलक्या हातानं तीनदा फिरवली. मीटर लावून जीभ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. काटा कुठं अडखळला नाही.

सगळं बसवलं आणि एकदा चालवून बघितलं. हात आला आणि रिकाम्या खुर्चीसमोर येऊन गप उभा राहिला. थरथर नावालाही नव्हती. मी स्वतःवर इतका खूश झालो की एकटाच उठून चहा करून प्यायलो.

संध्याकाळी कोणाला काही बोललो नाही. सकाळी दोघं कामावर गेले. मी पोहे केले, वर जिरावण मसाला घातला, लीलाला खुर्चीत बसवलं आणि म्हणालो, "चालू करू का? आता हलत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. जरा वेळ बघितलं. मग बटणावर पाय ठेवला.

पुढचं सांगून झालंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण माझं आणि रक्त तिचं.

दवाखान्यात मुलगा आणि सून धावत आले. मधुवंतीनं विचारलं की हात चालू कोणी केला. मी म्हणालो, मी केला, लीलाला हवा होता. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. लीला स्ट्रेचरवर होती, तोंडात कापूस कोंबलेला. तिच्याच नावावर मी हे ढकललं आणि ती नाही म्हणू शकत नव्हती.

मधुवंतीचं तोंड पांढरं पडलं होतं. ती म्हणाली, बाबा, थरथरणारी मोटर घास सांडेल, पण अशी आत घुसणार नाही, घुसायलाच नको, मी हिशोब केलाय. मग म्हणाली, मी मोटर काढूनच ठेवायला हवी होती, चूक माझी आहे. स्वानंद एरवी बायकोला आवाज चढवून बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"हे एक्सपेरिमेंट आता बस कर. माझ्या आईचं तोंड आहे ते, तुझी लॅब नाहीये. ते मशीन मला घरात दिसलं नाही पाहिजे."

ती औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेली. मंगळवारचं मी तेव्हाही सांगितलं नाही.

बुधवारी रात्रीचं जेवण म्हणजे गार ताक. मी वाटी घेऊन पलंगाशी बसलो. लीला एकेक चमचा घेत होती, दुखत होतं तरी घेत होती. मी प्रत्येक घोटानंतर थांबत होतो. वाटी संपली. मी तिचं तोंड टिपलं, पांघरूण सारखं केलं, आणि वाटी धुवायला नळाशी गेलो, तेव्हा मला कळलं की मला बरं वाटतंय. नळ तसाच सोडून मी उभा राहिलो. बायकोच्या तोंडात तीन टाके, आणि मी खूश, कारण चमचा परत माझ्या हातात आला होता. एकाहत्तर वर्षं मी या माणसाबरोबर राहतोय आणि हा असा आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला त्याची भीती वाटली. तरीही मी कोणाला काही सांगितलं नाही. रात्रभर जागा होतो, पण जागं राहिल्यानं कोणी धुतल्या तांदळासारखा होत नाही.

गुरुवारी संध्याकाळी मधुवंतीनं ती मोटर टेबलावर उघडली. आता ही बघणार आणि ओळखणार, म्हणून माझी पाचावर धारण बसली. लीला समोर पलंगावर उशीला टेकून बसली होती. मधुवंतीनं पॉटचं झाकण काढलं, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं.

"पट्टी इथं काळी चकचकीत झालीये," ती म्हणाली. "झिजून कार्बन पसरला असणार. झीज अशी पसरू शकते हे मला माहीतच नव्हतं."

तिला पेन्सिल ओळखू आली नाही. कशी येणार? पुस्तकात ती नसते, आणि आम्ही परदेशीपुऱ्यातली माणसं कोणाला शिकवायला गेलो नाही. मी सुटलो होतो. या घरात, या शहरात ती काळी चमक वाचू शकणारा दुसरा माणूस उरला नव्हता.

मधुवंतीनं भिंग खाली ठेवलं. ती म्हणाली की असं आपोआप होत असेल तर यावर भरवसाच ठेवता येणार नाही, नवी मोटर लावली तरी चार महिन्यांनी हेच. असाच हात हवा म्हणून आणखी दोन घरांतून विचारणा आली होती, त्यांना तिनं नकार कळवला होता. स्वानंदनं माळ्यावरून खोका आणला. ती हात काढून खोक्यात ठेवायला लागली, आधी चमचा, मग वायरी. मी लीलाकडे बघितलं. ती खोक्याकडे बघत होती. तिला बोलायची बंदी होती आणि हात उचलून थांबवताही येत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि ते पुसायलाही तिला कोणीतरी लागणार होतं.

"ती झीज नाहीये," मी म्हणालो. "पेन्सिल आहे ती. सिक्स बी. मंगळवारी दुपारी मी मारली."

स्वानंदला काही कळलं नाही. मधुवंतीला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं पुन्हा भिंग घेतलं आणि बघितलं, आणि ती खुर्चीवर बसली. मी सगळं सांगितलं. झांकीचे पॉट, स्पिरिट, मीटरचा न अडखळलेला काटा. कारागीर कारागिराला सांगतो तसं.

"बाबा," ती म्हणाली, "रेडिओचा आवाज थोडा जास्त झाला तर माणूस बटण मागे घेतो. तिथं ऐकणारा कान असतो. मोटरला कान नाही. पॉट सांगेल ते तिला खरं. तुम्ही पेन्सिल फिरवली तिथं रेझिस्टन्स कमी झाला. हात पुढे सरकत गेला आणि पॉट सांगत राहिला, अजून पोचलो नाही."

हे मला कळत नव्हतं असं नाही. रेझिस्टन्स म्हणजे काय ते मी हिच्या जन्माआधीपासून जाणतो. एकेक शब्द माझ्या ओळखीचा होता. काटा अडखळत नाही हे मी बघितलं. काटा खरं बोलतो का, हे बघायचं मला सुचलंच नाही, कारण पन्नास वर्षांत तशी वेळच आली नव्हती.

"चालवून तर बघितलं असेल ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"बघितलं."

"खुर्चीत कोण होतं?"

"कोणी नाही."

तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. रिकाम्या खुर्चीत तोंड नव्हतं, म्हणून हात चार बोटं पुढे गेलेला मला दिसला नव्हता. स्वानंद उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. तो मला ओरडला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. टाक्यांमुळे शब्द जड झाले होते.

"मला माहीत होतं," लीला म्हणाली.

मधुवंती उठून तिच्याकडे धावली, आई बोलू नका म्हणाली. लीलानं मान हलवून तिला बाजूला केलं. ती माझ्याशी बोलत होती.

"झोपले नव्हते मी. पेन्सिल बघितली. हिला सांगणार होते. मग वाटलं, सांगितलं तर तुम्हाला या घरात पुन्हा कोणी काही उघडू देणार नाही."

"मग बटण का दाबलंस?" मी विचारलं.

"तुम्ही केलं होतं ना. मग दाबलं."

ती म्हणाली तेवढंच खरं होतं. दमून तिनं डोळे मिटले, मग पुन्हा उघडले आणि मधुवंतीला म्हणाली, "नवी आली की लाव. मला हवंय ते. पण आधी यांना बसव खुर्चीत."

शुक्रवारी मोटर आली. शनिवारी सकाळी मधुवंतीनं हात टेबलाला पुन्हा बसवला. स्वानंद दाराशी उभा राहिला, माझ्याशी अजून बोलत नव्हता, पण प्लगवर हात ठेवून उभा होता. मी लीलाच्या खुर्चीत बसलो. मधुवंती म्हणाली, बाबा, हात मांडीखाली घ्या, आईंसारखे उचलता यायला नकोत. मी घेतले. पाठ खुर्चीला टेकली. लीला शेजारच्या खुर्चीत, तिचा पाय बटणावर.

"दाबू?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. मोटरीचा बारीक आवाज झाला. हातानं वाटीतून दलिया उचलला आणि तो माझ्या तोंडाकडे यायला लागला. नवी मोटर, सकाळपासून वीस वेळा मोजून बघितलेली, हे सगळं मला माहीत होतं. तरी माझं अंग मागे ओढलं गेलं, मांडीखालचे हात सुटायला धडपडले. चमचा ओठांपासून एका बोटावर आला आणि थांबला. थांबून राहिला. लीला माझ्याकडे बघत होती, काही घाई नसल्यासारखी. हिनं आठ महिने माझ्यासमोर तोंड उघडलं होतं. बुधवारी तर पेन्सिल बघून, सगळं जाणून उघडलं होतं.

चमचा तसाच समोर होता. माझं तोंड काही केल्या उघडेना.